राजानं कानात सांगितलं

त्या गावात बायकांची एक म्हण होती. पंचक्रोशीत दुसरीकडं कुठं ती ऐकू यायची नाही. नवऱ्याची एखादी लबाडी उघडी पडली आणि त्यानं डोळे वटारून "तुले कोनं सांगितलं?" म्हणून विचारलं, की बायको सुपातल्या तांदळावरची नजर न उचलता म्हणायची, "राजानं सांगितलं." तिथं बोलणं संपायचं. राजा कोण हे पुरुषांना ठाऊक होतं. तो काय सांगतो हे मात्र एकाही पुरुषाला ठाऊक नव्हतं, आणि तेच त्यांच्या मनात कुसळासारखं सलत होतं.

हा राजा सिनेमातला. गाव सिंदेवाहीच्या पलीकडचं, तलावाच्या पाळीला पाठ टेकून बसलेलं. वीसेक वर्षांमागं, हिवाळ्यात बैलांच्या शर्यतीसाठी, शंकरपटासाठी माणूस जमला होता तेव्हा तिथं तंबूचा सिनेमा आला. काळा-पांढरा, परदेशातला. एक उंच, काडीसारखा राजा पडक्या किल्ल्यात राहतो, दिवसा लाकडी पेटीत झोपतो, दिवस बुडाला की काळी घोंगडी पांघरून बाहेर पडतो आणि बायकांचं रक्त पितो, असा तो सिनेमा. पण बोलणं सारं इंग्रजी. गावाला समजावं म्हणून तंबूवाल्यानं बिरजू मास्तर नावाचा एक माणूस बरोबर आणला होता. तो उंच स्टुलावर बसून भोंग्यातून गोष्ट सांगायचा.

भोंग्याचं तोंड पुरुषांकडं होतं. मधे दोरीवर लुगडी टाकून आडोसा केला होता आणि आडोशापलीकडं बायका. त्यांना पडदा दिसत होता, पण बिरजू मास्तर म्हणजे नुसती घरघर. थोड्या वेळानं बायका कावल्या. तेव्हा डोमा ढिवराची बायको गोकुळा उठून उभी राहिली आणि म्हणाली, "चूप बसा वो, मी सांगतो."

गोकुळाची माय डाक बंगल्यात झाडझूड करायची. लहानपणी गोकुळा तिच्यामागं जायची, तेवढ्यात तिला चार इंग्रजी शब्द आले होते. 'कम', 'गो', 'थँक्यू' आणि 'डोंट टच'. एवढ्या भांडवलावर तिनं अख्खा सिनेमा सांगितला.

इकडं पुरुष घाबरून एकमेकांना चिकटून बसले होते. राजा बाईच्या मानेवर वाकला की कोणी राम राम म्हणे, कोणी बिडी विझवे. आणि नेमकं त्याच वेळी आडोशापलीकडून बायकांचा हसण्याचा लोट यायचा. राजा दुसऱ्या बाईवर वाकला की आणखी मोठा लोट. शेवटी तर बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या म्हणतात. बिरजू मास्तर स्टुलावरून उतरला आणि तंबूवाल्याला म्हणाला, "ह्या गावात पुन्हा आणू नका."

घरी जाताना डोमानं बायकोला विचारलं, "काऊन हसत होत्या तुमी?"

"राजा कानात सांगत होता नं."

"कानात? रक्त पीत होता तो!"

"तुमाले तसं दिसलं असन," गोकुळा म्हणाली. "आमाले कानात सांगताना दिसला."

आता खरं सांगायचं तर चूक कोणाचीच नव्हती. राजाची घोंगडी आडवी यायची, मान दिसायची नाही, तोंड दिसायचं नाही. माणूस चावतो की कुजबुजतो हे पाहणाऱ्यानंच ठरवायचं. पुरुषांनी रक्त ठरवलं, बायकांनी गुपित ठरवलं.

"मंग काय सांगत होता?"

"ते बायकांचं हाय. तुमाले काऊन पाहिजे?"

डोमानं हा प्रश्न संसारभर विचारला. जाळं विणताना विचारला, तलावावर डोंग्यात बसून विचारला, तिला ताप भरला तेव्हा उशाशी बसूनही एकदा विचारला. तिनं तापातही मान हलवली, नाही म्हणून, आणि हसली. मागच्या पावसाळ्यात गोकुळा गेली. सांगायचं ते घेऊन गेली.

ती गेल्यावर डोमाच्या घरात फार काही बदललं नाही असं लोक म्हणायचे. भात करपायचा, तो तसाच खायचा. मासोळी पकडायचा, विकायचा. फक्त एक गोष्ट उलटी झाली. गोकुळा होती तोवर तो तलावावरून आला की ओलं जाळं तिच्या घडी केलेल्या गोधड्यांवर फेकायचा, आणि ती रोज तेच तेच बोलायची. आता बोलणारं कोणी नव्हतं, तर तो जाळं बाहेर बांबूवर नीट पसरून वाळत घालायचा. कोणी सांगितलं नव्हतं.

तर अशा वेळी इसरूनं व्हिडिओ आणला.

इसरूच्या बापाची धानाची गिरणी होती. हंगाम सरला की गिरणी रिकामी असायची. इसरू चांद्याला जाऊन रंगीत टीव्ही, व्हिडिओ आणि कॅसेट भाड्यानं घेऊन आला, जनरेटर मागवला, गिरणीच्या खिडक्यांना पोती ठोकली आणि दारावर खडूनं लिहिलं : 'तोच दातवाला राजा. आता रंगीत. नवीन कलाकार.' गिरणी लहान, म्हणून शनिवारी दुपारी पुरुष आणि रविवारी दुपारी बायका असं ठरलं. ह्याही सिनेमाचं बोलणं इंग्रजीच होतं, आणि समजावायला मास्तर नव्हता. पण पुरुष म्हणाले, गोष्ट तर ठाऊक आहे, नुसतं पाहायचं.

शनिवारी पाहून झालं आणि सारे डोळे चोळत समोरच्या हॉटेलात आलुबोंडे खायला बसले. हॉटेल म्हणजे दोन बाकडी आणि एक भट्टी. तिथं जो वाद सुरू झाला तो बोंडे संपले तरी संपेना.

"जुना राजा कसा होता!" डोमाचा जोडीदार सुकलू म्हणाला. हे दोघं एकाच डोंग्यात मासोळी धरायचे. "ताठ! पाहताच माणसाचं पानी होये. हा तं मलेरिया झाल्यावानी थरथरून राह्यला. असा माणूस दारात आला तं आपण भ्याचं का त्याले खाटेवर टाकून दवाखान्यात न्याचं?"

"सुकलूभाऊ, ते काम हाय त्याचं," इसरू म्हणाला. कॅसेट त्यानं आणलेली, त्याला राजाची बाजू घेणं भाग होतं. "त्याले आतून दुखते."

"दुखते तं कडुलिंबाचा काढा पी म्हणा! लोकाचं रक्त काऊन पिते?"

"अन् ते रक्त होय का?" कोतवाल म्हणाला. "कुंकवात पानी कालवल्यावानी."

"जुन्यात तं काळं होतं. ते चाललं तुमाले?"

"काळंच खरं वाटे बावा. माणसाचं रक्त काळंच पडते वाळल्यावर."

सोमाजी इतका वेळ चहा फुंकत होता. हा सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात शेतावर कामाला होता, वर्तमानपत्र रोज वाचायचा, सभेत बोलायचा, आणि भूत ही गोष्टच नाही असं गावाला ठणकावून सांगायचा. लोक त्याला मान द्यायचे आणि मागून थोडी टिंगलही करायचे. तो म्हणाला, "मले जुनाच पटला. कारण जुना राजा भूत नव्हताच."

"मंग कोन होता, सोमाजीभाऊ?"

"मालगुजार! किल्ला त्याचा, बग्गी त्याची, गाव त्याचं, अन् रक्त लोकाचं. सरळ हिशेब. ह्या नव्यात काय केलं, राजालेच रडवलं. म्हने एकटा पडला, म्हने मरण येत नाई. अरे, मालगुजार कधी रडताना पाह्यला का कोनी? हे सिनेमावाले कोनाच्या बाजूनं हाय तेच समजत नाई."

"मले तं त्याची कीव आली," इसरू म्हणाला.

"तुझ्या बापाची गिरणी हाय. तुले येईनच."

बाकडी हसण्यानं हलली. इसरू चिडून म्हणाला, "बरं, तो किल्ला तरी पाह्यला का? जुन्यात कापडावर काढलेला होता. ह्यात खराखुरा!"

"त्याच्यापक्षा चांद्याचा परकोट बरा," कोतवाल म्हणाला. "अन् मले एक सांगा, कोंबडा कुठी गेला? जुन्यात शेवटी कोंबडा आरवे, दिवस निघे, अन् राजा धुरावानी विरून जाये. ह्यात टोलाची घंटी वाजते. घंटीनं कधी भूत मरते का? मंग शाळेत एक भूत राह्यलं नसतं."

"अन् ती बाई मेली शेवटी," कोणीतरी मागून म्हणालं. "जुन्यात नव्हती मेली. बिरजू मास्तरनं सांगितलं होतं, बेसुद पडली म्हणून."

"बिरजू मास्तर काय सांगे अन् काय नाई!"

डोमा बाकड्याच्या टोकाला बसला होता. त्यानं आलुबोंड्याचे चार तुकडे केले होते आणि एकही खाल्ला नव्हता. सुकलूनं ते पाहिलं, आणि गप्प बसणाऱ्या माणसाला बोलतं करायची त्याला खोड होती.

"पन एक काम ह्या नव्यानं झ्याक केलं," सुकलू म्हणाला. "दात दाखवले! घोंगडी नाई, आडोसा नाई. हे असे दात, ही अशी मान, अन् खच्चून चावला. कानात सांगून राह्यला म्हने! कुठी कान अन् कुठी मान! उद्या बायका डोळ्यानं पाहतीन. मंग राजानं सांगितलं, राजानं सांगितलं, सारं बंद. डोमा, तुझी गोकुळा खोटी निघाली गा!"

सारे हसले. मग एकेकाच्या ध्यानात आलं की खोटी निघालेली बाई आता उत्तर द्यायला नाही. हसणं पातळ झालं. सुकलूनं चहात तोंड घातलं.

डोमा उठला आणि घरी आला. त्याला राग सुकलूचा आला नव्हता. संसारात तो गोकुळाशी एकही वाद जिंकला नव्हता. दरवेळी वाटायचं, एकदा तरी जिंकावं. आज चांद्याहून आलेल्या कॅसेटनं तो वाद त्याला आयता जिंकून दिला होता, आणि त्याला तो नको होता. उद्या साऱ्या बायका पाहतील. त्यांच्या लेकी-सुना पाहतील, ज्यांनी गोकुळाला नीट ओळखलंही नव्हतं, नुसती म्हण ऐकली होती. म्हणतील, अशी एक बुढी होती, काहीबाही सांगायची. आणि म्हण मरेल. तिचं एवढंच गावात उरलं होतं.

दिवे लागायच्या आधी केसरबाई आली. ही म्हातारी बायकांतली पाटलीण. बाळंतपणं तिच्याच हातची, भांडणंही तिच्याच हातची. दाराशी उभी राहूनच म्हणाली, "डोमा, उद्या गिरणीत तू सांगायले ये."

"काय सांगायले?"

"सिनेमा. गोकुळा सांगे तसा. पोरींले कबूल करून बसली मी. म्हटलं, सांगणारं माणूस राहीन."

"बाई, मी पाहून आलो. तो चावते. सरळ चावते. दात दिसते."

"आमाले नाई ठाऊक होय?" केसरबाई म्हणाली. "तेव्हाच ठाऊक होतं. मी काय आंधळी होती?"

डोमा तिच्याकडं पाहतच राहिला.

"अरे, चावला तं चावला. त्यात काय पाहाचं? गोकुळाचं ऐकण्याजोगं होतं, म्हून ऐकलं."

"पन ती काय सांगे तेच मले ठाऊक नाई ना! जन्मभर विचारलं."

केसरबाईनं आजूबाजूला पाहिलं, आत आली, खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून हसायलाच लागली. हसता हसता सांगत गेली. सिनेमात राजा एकेका बाईकडं जायचा. गोकुळानं प्रत्येक बाईला गावातल्या एकेका बाईचं नाव दिलं होतं. राजा तिच्या कानाशी वाकायचा आणि तिच्या नवऱ्याचं एक गुपित सांगायचा. ऐकून बाई पांढरीफटक पडायची. ही खिडकीतली कोण, तर कुंता, सुकलूची बायको. राजा काय म्हणाला, तर "तुझा नवरा रानडुकरं राखायले माळ्यावर जातो म्हनते, अन् मायच्या घरी गोधडीत झोपते." ही बग्गीतली कोण, तर सोमाजीची गिरजाबाई. "तुझा नवरा मिशी काळी दिसावी म्हून चुलीची काजळी लावते." असं एकेक. बायकांनी एकमेकींना विहिरीवर सांगितलेलं सारं तिनं राजाच्या तोंडी घातलं होतं.

डोमालाही हसू आलं. मग हसू थांबलं. "अन् माझं?"

"तुझं शेवटी येते," केसरबाई म्हणाली. "ती शेवटली बाई नाई का, राजाले दिवस निघेपर्यंत धरून ठेवते ती? ती म्हने मीच. गोकुळाच. राजा तिच्या कानाशी वाकला अन् म्हनाला, तुझा नवरा झोपेत मासोळ्यांशी बोलते. बाई काय म्हनाली असन?"

"काय?"

"माहीत हाय, पुढं सांग."

डोमा खाली बसला.

"राजा म्हनाला, बिड्या छपरात लपवते. माहीत हाय, पुढं सांग. भाजीत मीठ नाई म्हनते अन् बोटं चाटून खाते. माहीत हाय, पुढं सांग. ओलं जाळं गोधडीवर टाकते. माहीत हाय, पुढं सांग. अशी लांबवली बाबा तिनं, अशी लांबवली! राजा थकला. बाकीच्या बाया एका गोष्टीत गार होत, अन् ही मागतच जाये."

"पुरलं माझं दिवस निघेपर्यंत?"

"पुरलं? उरलं असतं! शेवटी राजा म्हनाला, लग्नानंतर पहिल्या दिवाळीले तुझ्यासाठी लुगडं आणायले बाजारात गेला, अन् झुंजीचा कोंबडा घेऊन आला. ती म्हने, माहीत हाय. अन् तोच कोंबडा आरवला. राजा खल्लास."

केसरबाईनं डोळे पुसले. डोमा चुलीकडं पाहत होता. तो कोंबडा त्याला आठवला. लाल तुऱ्याचा, एकही झुंज जिंकला नाही, पण आरवायचा असा की तलावापलीकडं ऐकू जायचा. गोकुळानं तो विकू दिला नव्हता.

"येजो उद्या," केसरबाई उठत म्हणाली. "अन् गोकुळाचं आता जुनं झालं. सुकलूची माय मरून किती वर्षं झाली. काही नवं असलं तं घालजो."

रविवारी दुपारी गिरणी बायकांनी गच्च भरली. कोंड्याचा वास, जनरेटरचा धूर, लेकरांचं रडणं. डोमा टीव्हीच्या बाजूला उलट्या टोपलीवर बसला, घसा खाकरला, आणि पुन्हा खाकरला. सोमाजीच्या बायकोनं, गिरजाबाईनं, मागून सांगितलं, "भाऊ, भेऊ नको. आमी चावत नाई."

सिनेमा सुरू झाला. किल्ला आला, उंदीर आले, पेटी उघडली. डोमा अडखळत सांगत होता. मग राजा पहिल्या बाईच्या खिडकीत आला, वाकला, आणि इसरूनं गावाला दाखवायचं म्हणून आवाज वाढवला. राजानं तोंड उघडलं.

"मायबाई, दात दिसून राह्यले ना!" पुढं बसलेली एक नवी सून ओरडली. "हा तं चावते!"

सगळ्यांनी डोमाकडं पाहिलं. केसरबाईनंही पाहिलं.

"चावते कशाले?" डोमा म्हणाला. "हसून राह्यला तो. ही बाई म्हंजे कुंता. अन् सुकलूचं सांगायचं म्हटल्यावर राजाले हसू येणार नाई का? दात दिसणारच."

कुठूनतरी फसकन हसू फुटलं.

"अन् ते लाल?" सून ऐकेना.

"पान खाऊन आला. पान खाऊन कोनाच्या कानाशी बोललं तं डाग पडनार नाई का मानेवर?"

आता साऱ्याजणी हसल्या. टोपली पुढं सरकवून डोमा म्हणाला, "राजा म्हनाला, कुंता, मागच्या बाजाराच्या दिवशी तुझ्या नवऱ्यानं मोठा रोहू आणला, आपल्या जाळ्यातला म्हून गावभर मिरवला. तो तलावातला नव्हता. सिंदेवाहीच्या बाजारातून आणला होता. डोमा डोंग्यात होता, त्या दिवशी दोघाले डोळ्यात भरेल असं काही सापडलं नव्हतं."

मधून कुंता उठली. "तरीच! तरीच त्या रोहूच्या कल्ल्यात बर्फ होता! म्या विचारलं तं म्हने तलाव थंडा हाय!"

त्यानंतर जे झालं ते गिरणीच्या भिंतींनी कधी ऐकलं नव्हतं. गोकुळाकडं विहिरीवरचं होतं. डोमाकडं डोंग्यातलं, हॉटेलातलं, पाळीवरच्या बैठकीतलं होतं. पुरुष पुरुषांत जे बोलतात ते पहिल्यांदाच बायकांच्या बाजूला सांडलं. राजा कोतवालाच्या बायकोच्या कानाशी वाकला. राजा गिरजाबाईच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "तुझा नवरा साऱ्या गावाले सांगते भूत नसते, अन् काल ह्याच गिरणीत पेटी उघडली तं त्यानं डोमाचा हात असा धरला, डोमाच्या हातात बांगडी असती तं फुटली असती." गिरजाबाई इतकी हसली की तिला पाणी पाजावं लागलं.

बाहेर खिडकीच्या पोत्याला कान लावून चारपाच पुरुष उभे होते. आधी हसण्यानंच त्यांची दुपारची झोप उडाली होती. मग सुकलूचा आवाज आला, "डोमा! बाहेर ये! मी तुले तलावात बुडवतो!"

"कोन वो ते?" केसरबाईनं विचारलं.

"वटवाघूळ हाय," डोमा म्हणाला. "राजाचं. सिनेमातलंच."

असा सिनेमा शेवटाला आला. शेवटली बाई पलंगावर पडली होती, पांढऱ्या कपड्यात. राजा तिच्या कानाशी वाकला. बायका एकमेकींना ढोसून गप्प झाल्या. जुन्यांना ठाऊक होतं आता काय येणार. नव्यांना ऐकून ऐकून ठाऊक होतं.

"राजा म्हनाला," डोमानं सुरुवात केली, "तुझा नवरा झोपेत मासोळ्यांशी बोलते. बाई म्हनाली, माहीत हाय, पुढं सांग."

तो सांगत गेला. बिड्या सांगितल्या, मीठ सांगितलं. दंडारीत बेसूर गायला आणि ढोलकीवाला उठून गेला ते सांगितलं. दुसऱ्याच्या पोरीच्या बिदाईत नवरीच्या बापापेक्षा जास्त रडला ते सांगितलं. हे केसरबाईनं सांगितलेलं नव्हतं, त्याचं त्याला आठवत गेलं. "राजा म्हनाला, ओलं जाळं गोधडीवर टाकते. बाई म्हनाली..."

पडद्यावर बाईचा हात पलंगाखाली लोंबला. जुन्या सिनेमात असं नव्हतं. तोंड इतकं जवळ दाखवलं होतं की पापण्या दिसत होत्या, आणि पापण्या हलत नव्हत्या. तिचा नवरा खुर्चीत बसला होता, तिच्याकडं पाहत, आणि काही करत नव्हता. रंगीत होतं सारं. ओठांचा रंग गेलेला तोही रंगीत.

डोमाचं तोंड उघडं राहिलं. शब्द येईना. काल पुरुषांत बसून पाहिलं तेव्हा तो ह्या ठिकाणी पायाच्या अंगठ्याकडं पाहत होता. आज पडद्याकडं पाहायला लागत होतं. जनरेटर भकभक करत होता.

पुढून केसरबाईनं हळूच म्हटलं, "माहीत हाय, पुढं सांग."

डोमानं तिच्याकडं पाहिलं.

"माहीत हाय," कुंता म्हणाली. "पुढं सांग, भाऊ."

मग गिरजाबाई म्हणाली. मग मागच्या भिंतीपासून, पोत्यांवर बसलेल्या लेकीसुनांपासून, सारी गिरणी म्हणाली, "माहीत हाय, पुढं सांग!"

डोमानं नाक पुसलं. "राजा म्हनाला," त्याचा आवाज फाटला, त्यानं तो पुन्हा धरला, "राजा म्हनाला, बाई, आता थकलो मी. एकच राह्यलं. पहिल्या दिवाळीले तुझा नवरा लुगडं आणायले गेला, अन् झुंजीचा कोंबडा घेऊन आला. तो बी हरणारा. बाई म्हनाली, माहीत हाय. अन् म्हनाली, ऐक, तोच आरवून राह्यला."

पडद्यावर कोंबडा नव्हताच. घंटा टोल द्यायला लागली. डोमानं इसरूला हात केला, आवाज बंद कर म्हणून. इसरूला काय वाटलं कोण जाणे, त्यानं केला. तेव्हा डोमा टोपलीवर उभा राहिला, मान उंच केली, गळ्याच्या शिरा ताणल्या आणि आरवला. लाल तुऱ्याचा आरवायचा तसा, तलावापलीकडं जाईल असा.

पडद्यावर राजा कोसळला. बायकांनी टाळ्या पिटल्या. आणि बाहेर, भर दुपारी, सोमाजीच्या आवारातल्या कोंबड्यानं उत्तर दिलं, मग कोतवालाच्या, मग साऱ्या गावाचे कोंबडे सकाळ झाली समजून आरवायला लागले.

केसरबाई पदरानं डोळे टिपत होती. शेजारच्या सुनेला कोपर मारून म्हणाली, "पाह्यलं? बरं झालं बाई त्यानं लुगडं नाई आणलं. लुगडं कुठी आरवते?"